येशील का आमच्या शिवारात?

वाघाला पोट असतं, पण ते माझ्याएवढं नसतं, हे मी मामाला फोनवरच सांगितलं होतं.

"पोटाचं काय घिऊन बसलास," मामा म्हणाला. "शेपूट लावली की झाला वाघ. तू ये."

बायको शेजारी गवार मोडत बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणतात मामा?"

"मला वाघ व्हायला बोलावलंय."

तिनं गवारीवरची नजर काढली नाही. "जा की. घरात पाल निघाली तर खुर्चीवर चढता. तेवढंच डोंगरात जाऊन नाव काढा."

माझं कोल्हारला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची भरायची, वार्निश पाजायचं आणि शेतकऱ्याला छातीठोक सांगायचं, आता दोन वर्षं बघायला नको. तो महिन्याभरात परत येतो. तरी लोक दुसरीकडे जात नाहीत, कारण माझ्या दुकानात बसायला बाकडं आहे आणि गप्पा मी बऱ्या मारतो. त्या बाकड्यावर हल्ली विषय एकच, वाघ. आमच्याकडे बिबट्याला बिबट्या फक्त पेपरवाले म्हणतात. तोंडी तो वाघच. लाईट रात्रीची येते, पाणी रात्री द्यायचं, आणि उसात वाघ बसलेला. उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले वाघ ते, डोंगर त्यांनी पाहिलेलासुद्धा नाही. उसाला कोयता लागला की बावचळून बांधावर येतात आणि माणसं त्यांच्याहून जास्त बावचळतात.

माझं आजोळ मात्र वर, अकोल्याच्या डोंगरात. वडील कारखान्यात कामाला लागले आणि आम्ही प्रवरेच्या काठाकाठानं खाली घरंगळत आलो. मामा वरच राहिला, नदी निघते त्या अंगाला. दिवाळीच्या तोंडावर खाली घरोघर वसुबारस होते, गाय-वासराला ओवाळतात. त्याच दिवशी मामाच्या गावात वाघबारस असते. गाय तिथंही देवच आहे, पण तिला खाणाराही देव आहे आणि त्याच्याशी वर्षातून एकदा नीट बोलून घ्यावं लागतं.

गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जांभळीखाली वाघोबाचा दगड आहे. दगडावर कोरलेला वाघ, त्याच्या डोक्यावर चंद्र आणि सूर्य. गुराखी तिथंच चूल मांडून खीर शिजवतात. मग एकजण वाघ होतो. बाकीचे काठ्या आपटत, आरडत त्याच्यामागं धावतात, त्याला धरून दगडापुढं आणतात आणि विचारतात, "येशील का रं आमच्या शिवारात?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येनार." तीनदा विचारायचं, तीनदा नाही म्हणायचं. मग नारळ फुटतो. वाघानं शिवारात यायचं नाही आणि माणसानं त्याच्या रानात हात घालायचा नाही, असा तो वर्षाचा करार. सगळे खीर खातात. वाघालाही वाटीभर मिळते.

पूर्वी वाघ व्हायला पोरांच्यात मारामाऱ्या व्हायच्या. अस्वल आणि कोल्हा अशी दुय्यम पदंही होती. आता पोरं नाशिकला नाहीतर शिर्डीच्या हॉटेलांत. त्या वर्षी अस्वल आणि कोल्ह्याची पदं रिक्तच राहिली. वाघाशिवाय मात्र वाघबारस होत नाही, म्हणून मोटारी भरणारा पन्नाशीतला भाचा.

मी पोचलो तेव्हा मामा अंगणात हळद तेलात कालवत होता. मामा म्हणजे काठीला धोतर नेसवावं तसा माणूस. दगडाची दिवाबत्ती त्याच्या बापानं केली, आता तो करतो. आधी मला तो घरामागच्या ओढ्यावर घेऊन गेला. पाऊस संपून ओढा बारीक झाला होता, कडेला ओली वाळू उघडी पडली होती. तिथं मोठ्या लिंबाएवढ्या बोटांचा एक माग होता.

"ही बघ," मामा म्हणाला. "भाईरचं बोट फाकतंय. कवातरी फासकीत अडकला आसंल पाय. तवापसनं आशीच चालती."

ही वाघीण वर्षानुवर्षं त्याच्या घरामागून जायची. वरच्या करवंदीच्या जाळीत तिनं किती वेळा पिल्लं घातली, ती मोठी झाल्यावर त्यांना कशी गुरगुरून हाकलून दिली, कुठल्या सादड्याच्या खोडावर नखं घासते, खडकातल्या टाक्यावर पाणी प्यायला किती दबकत येते, हे मामा एखाद्या शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगायचा. घराजवळून जायची, पण कधी कोंबडीलाही हात लावला नाही. मामा रोज सकाळी वाळू बघायला जायचा. माग दिसला की त्याचा दिवस बरा जायचा.

मग त्यानं मला उघडं करून हळद फासली आणि तव्याच्या काजळीनं पट्टे ओढायला घेतले.

"मामा, ठिपके काढ," मी म्हणालो. "पट्टेरी वाघ इथं राहिलाय कुठं? आपला ठिपक्यांचा."

"त्योच त्यो," मामा म्हणाला.

"तोच कसा? वेगळी जात आहे. मोबाईलवर दाखवतो तुला."

"मोबाईल ऱ्हाऊ दे. ह्ये ठिपकं वयानं जुळत जात्यात. जुळता जुळता पट्टं व्हत्यात. माझ्या बापानं पट्टेरी पाह्यलाय ह्याच ओढ्यावर. आता कुनी त्यांना तेवढं म्हातारं हू देत न्हाई, म्हनून दिसत न्हाई."

मी हसलो. काजळीचा पट्टा त्यामुळं बेंबीजवळ वाकडा गेला. शेपूट म्हणून मामानं म्हशीचं जुनं दावं माझ्या कमरेला बांधलं.

पाठलागाचं फार सांगण्यासारखं नाही. मी थोडा पळालो, मग थांबलो. मागून येणारे म्हातारे गुराखीही थांबले आणि त्यांनी मला दम खाऊ दिला. मग पुन्हा आरडले, पुन्हा मी पळालो. असा टप्प्याटप्प्यानं धरला जाऊन मी दगडापुढं आलो, तेव्हा सगळे हसत होते. दिवाळीला आलेली दोन-चार पोरं मोबाईल धरून उभी होती. बाया पदरात हसत होत्या. आणि लोक हसायला लागले की माझी जीभ माझी राहत नाही, हे बाकड्यावरच्या कुणालाही विचारा.

मामानं काठी टेकवली आणि विचारलं, "येशील का रं आमच्या शिवारात?"

"येईन की," मी म्हणालो. "पण मटण असलं तर."

पोरं फिदीफिदी हसली. खीर ढवळणाऱ्या बाईचा हात मात्र थांबला. म्हातारे एकमेकांकडं न बघता दगडाकडं बघायला लागले. मामाचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तो रागावला नव्हता. भरलेली मोटार चालू करताना ठिणगी उडाली की शेतकरी जसा माझ्याकडं बघतो, तसा तो बघत होता.

त्यानं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. मी घाईनं "न्हाई येनार" म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो. नारळ पहिल्या फटक्याला फुटला नाही. खिरीची वाटी मला मिळाली, पण ती हातात देणारीनं माझ्याकडं बघितलं नाही.

उतरताना मामा एवढंच म्हणाला, "दावं सोडून ठिव. म्हशीला लागंल."

पोरांनी काढलेला व्हिडिओ माझ्याआधी कोल्हारला पोचला. बाकड्यावर मला आठवडाभर कुणी नावानं हाक मारली नाही. "वाघ, कपॅसिटर दे." "वाघ, च्या सांग." मीही डरकाळी फोडून दाखवायचो. बायको म्हणाली, "सगळ्या जगात हळद लागल्यावर शहाणपण येतं. तुम्हाला दुसऱ्यांदा लागली तरी आलं नाही."

थंडी पडली आणि मामाचा फोन आला.

"कुत्रं नेलं," तो म्हणाला.

"कुणी?"

"तिनंच. फाकलेलं बोट अंगनात हाय."

मी हातातला पाना खाली ठेवला. मग मामाच म्हणाला, "तू येईन म्हनलास ना."

दोष देणारा सूर नव्हता तो. मोटार का जळाली असं विचारल्यावर मी जसं 'व्होल्टेज कमी होतं' सांगतो, तसं त्यानं कारण सांगितलं. पुढं म्हणाला, "एकदा ये. दगडापुढं नीट न्हाई म्हन. ती आयकंल. मागं फिरंल."

मी "येतो" म्हणालो. पण हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस होते, जळालेल्या मोटारी दुकानाबाहेर रांगेत पडलेल्या, आणि खरं सांगायचं तर परत हळद फासून घ्यायची लाज वाटत होती. आज-उद्या करता करता दुसरा फोन आला, तो धाकट्या मामीचा. ती मामाच्या धाकट्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून मामाच्या शेजारच्या घरात एकटी राहते आणि शेळ्यांवर जगते.

"भाच्या, तुझा मामा येडा झालाय," मामी म्हणाली. "माझी गाभन शेळी गेली, तिच्यामागनं दुसरी गेली. आता राह्यल्यात त्या घरात घिऊन झोपते मी, पोटच्या पोरावानी. मी पिंजरा मागवलाय. आन ह्यो म्हनतो पिंजरा लावू नगं, भाच्याला येऊ दे. तू काय वाघाचा सोयरा हायेस का रं?"

दुसऱ्या दिवशी शटर ओढलं आणि एसटी धरली. वर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामीच्या शेताच्या बांधावर, करवंदीच्या बाजूला, लोखंडी पिंजरा ठेवलेला होता. वर पळसाच्या डहाळ्या टाकलेल्या. मागच्या वेगळ्या कप्प्यात एक करडू होतं आणि ते पाला खात होतं. मामा आणि मामी दोन घरांच्या मधल्या जागेत उभे राहून भांडत होते. मामीचा पदर डोक्यावर नीट होता. मोठ्या दिराशी भांडतानाही ती तो ढळू देत नाही.

"तिचं दात गेल्यात," मामा म्हणत होता. "म्हातारी झालीय ती. भेकर धरवत न्हाई तिला आता. जे हाताला लागंल ते घेती."

"माझंबी दात गेल्यात, दादा. मी कुनाची शेळी उचलीत न्हाई."

"ती जाईल म्हनतो ना. उद्या सकाळी भाचा न्हाई म्हनंल, का ती जाईल."

"जाऊ दे की. कोन धरतंय तिला? देव तुमचा हाय, शेळ्या माझ्या हायेत. तुमी उद्या इचारा. पिंजरा आज लावलाय."

मी मधे पडून काहीतरी बोलायला गेलो, तर दोघंही एकदमच म्हणाले, "तू गप."

तिची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. रात्री तिनंच आम्हा दोघांना नागलीची भाकरी आणि ठेचा आणून दिला. ताट ठेवताना म्हणाली, "लौकर आला असतास तर बरं हुतं." एवढंच. मामा जेवला नाही. मी जेवलो, वर मामाच्या वाटची भाकरीही खाल्ली.

सकाळी मामानं हळद कालवली. या वेळी एकेक पट्टा तो जपून ओढत होता, म्हणून वेळ लागत होता. एका गालावर पट्टे झाले, एक दंड झाला, दावं हातात घेतलं, आणि मामीच्या शेताकडून आरडाओरडा ऐकू आला.

मामा नारळ उचलून चालायला लागला. मी त्याच्यामागं, तसाच, अर्धा वाघ, शेपूट हातात.

आम्ही पोचलो तोवर गाव गोळा झालं होतं आणि वनखात्याची गाडीही मागोमाग आली. पिंजऱ्यापाशी उभ्या असलेल्या तरुण गार्डनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे कोण?"

"आमचा भाचा," मामी म्हणाली. "ह्योबी वाघच हाय."

कुणी हसलं नाही.

वाघीण पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूपच लहान. दुकानातल्या गप्पांमधून वाघ फार मोठा झालेला असतो. बरगड्या मोजता आल्या असत्या. गजांना धडका देऊन कपाळाची कातडी निघाली होती आणि तोंडातून रक्त गळत होतं. खाली पत्र्यावर काहीतरी पांढरं पडलं होतं, आधी मला तो खडा वाटला. तो सुळा होता. मागच्या कप्प्यातलं करडू धडधाकट होतं, जागचं हलत नव्हतं. पाला तसाच पडलेला.

लोक मोबाईल घेऊन पुढं सरकत होते आणि ते पुढं सरकले की ती आणखी मागं सरकायची, पण मागं जागा नव्हती. गार्डनं सगळ्यांना हटवलं आणि पिंजऱ्यावर ताडपत्री ओढली. अंधार झाल्यावर आतली धडपड जरा थांबली.

"तिला पानी दिलंत का?" मामीनं विचारलं.

"देतो, मावशी. शांत होऊ द्या."

"भ्यालीय ती," मामी म्हणाली. मग कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "मला वाटलं, पळून जाईल दुसरीकडं. मी काय तिला असं..." आणि पदराचं टोक तोंडात धरून ती बाजूला झाली.

गाडी मागं लावायला लागले तेव्हा मामा पुढं गेला. "सायेब, जरा थांबा. इचारायचं हाय."

तो गार्डही डोंगरातलाच असणार, कारण काय विचारायचं हे त्यानं विचारलं नाही. लोकांकडं पाठ करून तो आडवा उभा राहिला आणि ताडपत्रीचं एक टोक त्यानं वर धरलं.

मामा उकिडवा बसला. मीही त्याच्यामागं वाकलो. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. तो काय बघतोय ते मला कळलं आणि मीही तेच बघायला लागलो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी तिचे ठिपके एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मला ते ओळीत जुळल्यासारखे वाटले. अर्थात चष्मा घाईत घरात राहिला होता.

"येशील का गं आमच्या शिवारात?" मामानं विचारलं.

एरवी तो 'रं' म्हणायचा.

तिनं कान मागं घेतले. आतून श्वासाचा घरघर आवाज येत होता, बाकी काही नाही. मामानं दुसऱ्यांदा विचारलं. मग थांबला. उत्तर आल्याशिवाय नारळ फोडता येत नाही, करार अर्धा राहतो. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

त्या वर्षीचा वाघ मीच होतो. हळद माझ्या अंगाला होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही हसवायचं नाही असं ठरवून, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "न्हाई येनार."

मामा माझ्याकडं तसाच बघत राहिला. मग त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, माझ्याकडंच बघून, सावकाश. मी पुन्हा म्हणालो, "न्हाई येनार."

नारळ पहिल्याच फटक्याला फुटला. मला बरं वाटलं. यावेळी काम चोख झालं, असं मनात आलं. गार्डनं ताडपत्री सोडली, चौघांनी पिंजरा गाडीत चढवला आणि गाडी घाटाकडं वळली. मामीनं करडू उचलून घेतलं. कडेवर घेऊन ती घराकडं गेली तेव्हा ते ओरडायला लागलं.

तो सुळा कुणीतरी उचलायला बघत होतं. गार्डनं आधीच तो कागदात बांधून खिशात टाकला होता.

पुढं मी त्या गार्डला दोनदा फोन केला. दातानं शिकार होत नाही, वयही झालेलं, त्यामुळं तिला परत रानात सोडता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. जिथं ठेवलीय तिथं सावली आहे, डॉक्टर आहे. "आणि खायला?" मी विचारलं. तो म्हणाला, "मटण मिळतं हो रोज." दगडापुढं मी तेच मागितलं होतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

पुढच्या वाघबारसेला मामानं बोलावलं नाही. मी आपणहून गेलो. हळदीची पुडी खालूनच नेली होती, आणि पोटही थोडं कमी केलं होतं. निदान बायकोनं तसं कबूल केलं होतं.

मामा दगडापुढं एकटाच बसला होता. चूल पेटलेली, खीर शिजत आलेली. मामी दुधाची चरवी ठेवून गेली होती, शेळीच्या दुधाची. मी शर्टाची बटणं काढायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला. "औंदा वाघ नगं."

"मग विचारणार कुणाला?"

"न्हाई इचारायचं."

मी बटणं लावली. त्यानं पळसाच्या पानावर खीर वाढली आणि दगडापुढं ठेवली. आम्ही दोघं बसलो. मग तो बोलायला लागला, दगडाकडं बघत.

"माझा बाप इचारायचा पट्टेऱ्याला. त्याचा बापबी इचारायचा. येशील का? न्हाई. येशील का? न्हाई. वर्सानुवर्स त्यो न्हाई न्हाई म्हनत गेला. शेवटी त्यानं शबूद पाळला बघ."

मी पानावरची माशी हाकलली.

"आपुन इचारतो ते हद्दीत ऱ्हावं म्हनून. जायला कुनी सांगितलं हुतं?"

चुलीतलं लाकूड त्यानं आत सारलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पिंजऱ्यापाशी तू येईन म्हनायचं हुतंस."

"मामा, पहिल्यांदा येईन म्हणालो तेव्हा तुझा चेहरा..."

"पयल्यांदा न्हाई म्हनायचं हुतं. तिथं येईन म्हनायचं हुतं. मी तिसऱ्यांदा तुझ्याकडं बघून इचारलं ते कशापायी?"

"तूच विचारत होतास ना पण. नाही म्हणायची रीत तुझीच."

"इचारायचं माझ्याकडं हाय. मी काय इचारायचं ते ठरलेलं हाय. उत्तर तुझं हुतं."

तीन फेजच्या मोटारीत दोन तारा एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या तर मोटार उलटी फिरते. माझ्या हातून हे वरचेवर होतं. गंमत अशी की तेव्हा काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मोटार झकास सुरू होते, आवाज अगदी बरोबर येतो, आपण हात पुसून चहा सांगतो. फक्त पाणी वर येत नाही. पंपाच्या तारा मी अदलाबदल करून पुन्हा जोडून देतो, शेतकरी चार शिव्या देतो आणि काम होतं. मामाला हे सांगावं असं मनात आलं. पण ज्या तारा पुन्हा जोडता येत नाहीत त्यांचं काय, असं त्यानं विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्या उत्तरांनी त्या ठिकाणी आधीच पुष्कळ काम केलं होतं.

खीर आम्ही दोघांनी खाल्ली. मला वाटी मिळाली, मामानंच हातात दिली.

त्या रात्री मी वरच राहिलो. सकाळी मामाबरोबर दगडापाशी गेलो. पानावरच्या खिरीला मुंग्या लागल्या होत्या, बाकी ती वाढली तशी होती. मग तो ओढ्याकडं वळला. रोज जातो तसाच, हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. वाळू ओली होती, नव्या पाटीसारखी. एका कडेला टिटवीचे पाय उमटले होते. मामा वाकून वरपासून खालपर्यंत बघत गेला, पार वळणापर्यंत. मी त्याच्यामागून गेलो. परत फिरलो तेव्हा वाळूत आमचेच दोघांचे पाय होते. त्याचे जेमतेम टेकलेले, माझे टाचेपर्यंत रुतलेले.

मामानं माझा एक पाय बराच वेळ बघितला.

"लई वाजवत चालतोस तू," तो म्हणाला. "वाघ कसला रं तू."